दुधाच्या गाड्यांत वायरलेस सेट बसवायचेत, कोणते घ्यावेत? (कराड-पाटण)

वांगकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या गाड्या दूध वाहतुकीला आहेत. ढेबेवाडी, मोरगिरी, तारळे आणि कोयना भागातल्या केंद्रांवरून कॅनचं आणि बल्क कूलरचं दूध उचलायचं आणि कराडला पोचवायचं. एकूण सतरा गाड्या. अकरा पिकअप, चार टँकर, दोन टेम्पो राखीव. डिझेल, टायर, मेस्त्री हे भाऊ बघतो, कोणती गाडी कुठल्या रूटला हे मी बघते.

अडचण अशी की वरच्या वाड्यांतून उतरताना पिकअप बंद पडली की ड्रायव्हरला रेंज मिळेपर्यंत खाली चालत यावं लागतं. तोवर दूध कॅनमध्ये तापतंय. डेअरीच्या डॉकवर सीओबी टेस्टला (दूध उकळून बघतात ती) ते फाटलं की अख्खा लॉट परत, आणि शेतकऱ्याला तोंड आम्ही द्यायचं. दुसरी गाडी वळवता येते, फक्त वेळेत कळायला पाहिजे. एरवीही घाटात ड्रायव्हरला फोन लावायचा म्हणजे त्याने उचलला तरी पंचाईत आणि नाही उचलला तरी पंचाईत.

म्हणून गाडीत पक्के बसवलेले, बटण दाबून बोलायचे सेट घ्यायचा विचार आहे. दुकानदार तीन प्रकार सांगतात: व्हीएचएफ, यूएचएफ (हे दोन थेट रेडिओ लहरींवर बोलणारे, फ्रिक्वेन्सीचे पट्टे वेगळे) आणि सिमकार्डवरचे. प्रत्येकाचाच माल सोन्याचा. डोंगरात काय चालतं? परवाना लागतो का? टँकर चोवीस व्होल्टचे आहेत, त्याला काही वेगळं लागतं का? कुणी वापरत असेल तर सांगा.

निवांत

वाचतोय. पण एवढा खटाटोप कशाला ताई, व्हॉट्सॲप ग्रुप काढा की.

वांगकाठ

ग्रुप आहे. सकाळी सगळ्यांची फुलं येतात आणि गाडी बंद पडल्याचा मेसेज गाडी चालू झाल्यावर येतो.

वारणेचा_गडी

आवो ताई, ऑनलाइन वॉकीटॉकी मिळतात की, जोडीनं. आमच्या इकडं ड्रोनवाले, लग्नातले डेकोरेशनवाले, जत्रंतले सगळे तेच वापरत्यात. अँटेना लांब घ्यायची. परवाना बिरवाना कोण इचारत न्हाय.

व्हीयू३_कृष्णाकाठ

वारणेचे गडी, विचारतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच ऑनलाइन वॉकीटॉकींवरून विक्री प्लॅटफॉर्मना नोटिसा काढल्या. फ्रिक्वेन्सी कोणती ते लिहिलेलं नाही, परवाना लागतो हे सांगितलेलं नाही, यंत्राला मान्यता नाही, अशी कारणं होती. त्यानंतर विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. लग्नातल्या माणसाचं एक वेळ निभावेल. रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी, नंबरप्लेट लावून फिरणाऱ्या सतरा गाड्यांचं निभावणार नाही.

ताई, परवान्याचं आधी स्पष्ट करतो, कारण इथेच लोक फसतात.

बिनपरवाना वापरता येतील असे बोलण्याचे पट्टे आपल्याकडे मोजके आहेत. एक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या नियमांनी मोकळा झालेला. तो कमी ताकदीच्या, हातातल्या छोट्या यंत्रांसाठी. हॉटेलच्या आवारात, बांधकामावर ठीक. दुसरा २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३. त्याला पाच वॅटपर्यंत मोकळीक आहे, पण अँटेना यंत्रातच असायला हवी. म्हणजे टपावर लांब दांडी लावून गाडीत बसवायचा सेट या दोन्हींत बसत नाही. बाकी व्हीएचएफ-यूएचएफवर धंद्यासाठी बोलायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून फ्रिक्वेन्सी मंजूर करून घ्यावी लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर. कायमच्या जागी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उभारायचा असेल तर त्या जागेची सॅकफा मंजुरी वेगळी. दरवर्षी रॉयल्टी आणि परवाना फी. कायदा २०२३ साली नवा आला, पण परवानगीशिवाय सेट बाळगायचा नाही ही गोष्ट १९३३ पासून तीच आहे.

आणि कुणी सांगेल की हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या, मग काय हवं ते वापरा. तर तसं नाही. हॅम परवान्यावर धंद्याचा एक शब्द बोलता येत नाही. "ढेबेवाडीचे कॅन भरले का" एवढंही नाही.

वारणेचा_गडी

बरं बाबा. एवढं कायद्याचं म्हाईत नव्हतं.

व्हीयू३_कृष्णाकाठ

आता डोंगराचं.

व्हीएचएफ असो की यूएचएफ, लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, क्षितिजापलीकडे थोडीच वाकते. ढोबळ हिशोब असा: अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. दोन्ही टोकांचं असं काढून बेरीज करा, ते झाले किलोमीटर. तुमच्या कराडच्या ऑफिसवर सोळा मीटरवर अँटेना आणि पिकअपचा टप अडीच मीटर धरला तर तेवीसच्या आसपास येतात. सपाटीवर. म्हणजे मसूर, उंब्रज आरामात.

पण तुम्ही ज्या चार जागा लिहिल्यात त्या चार वेगवेगळ्या खोऱ्यांत आहेत. ढेबेवाडी वांगेच्या, मोरगिरी मोरणेच्या, तारळे तारळीच्या आणि कोयना तर कोयनाच. मध्ये डोंगरधारा. तिथे वर्गमूळ कामाला येत नाही, डोंगर आडवा आला की संपलं. पंचवीस वॅटच्या जागी पन्नास वॅटचा सेट घेतला तर फरक फक्त तीन डेसिबलचा, तेवढ्याने धार ओलांडली जात नाही. दुकानदार वॅट विकतो, कारण वॅट खोक्यावर छापता येतात. टपावरची दांडी आणि ती कुठे उभी आहे यावर खरा खेळ असतो.

व्हीएचएफ की यूएचएफ, तर तुमच्या भागाला व्हीएचएफ. झाडी, वळणं, उघडं रान यांत ती जास्त तग धरते. यूएचएफ इमारतींच्या आत, शहरात बरी. फक्त व्हीएचएफची दांडी लांब असते. पाव तरंगलांबी म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ, १६० ला साधारण ४७ सेंटिमीटर. ४५० ला १७ सेंटिमीटरच्या आत. पिकअपवर फांद्या लागून दांडी वाकते, म्हणून बुडाशी स्प्रिंग असलेली घ्या.

घाटवाट

मग रिपीटर टाकायचा की एखाद्या सड्यावर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, वीज आहे, रस्ता आहे.

व्हीयू३_कृष्णाकाठ

रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्याने बोलायचं. त्यामुळे फ्रिक्वेन्सी दोन लागतात, एकाच अँटेनावर ऐकणं-बोलणं वेगळं ठेवणारा डुप्लेक्सर लागतो, मास्ट लागतो. हे सगळं पैशाने होतं. पैशाने न होणाऱ्या गोष्टी: मोरणा आणि वांगेच्या मधल्या धारेवर जागा मिळाली तर ती दोन्ही खोरी बघेल, पण तारळे कोयनेच्या उत्तरेला, ते दिसणार नाही. मग दुसरा रिपीटर. पश्चिमेकडच्या माथ्याचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, तिथे खांब रोवायचं विसरा. आणि जुलैत वीज पडून वरचं जळालं तर धुक्यात, चिखलात वर कोण जाणार? अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर, सोलर, बॅटरी, राखणदार. सतरा गाड्यांना हा संसार परवडतो का ते ताईंनी बघावं. माझं मत, नाही.

सेल्स_सोल्युशन्स

सर/मॅडम, आमच्या कंपनीचे अत्याधुनिक सेट अमर्याद रेंज देतात, भारतभर कुठूनही कुठेही, लायसन्स फ्री, आजच संपर्क

व्यवस्थापक

वरच्या प्रतिसादातला फोन क्रमांक आणि दुवा काढला आहे. जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे. "अमर्याद रेंज" तेवढं करमणुकीसाठी ठेवलं आहे.

रेडीमिक्स

ते अमर्याद रेंजवाले म्हणजे सिमकार्डवरचे सेट, ज्याला पीओसी म्हणतात. चेष्टा करू नका, आमच्याकडे तेच आहेत. सातारा एमआयडीसीतून काँक्रीटचे ट्रान्झिट मिक्सर निघतात, हायवेला कराडपर्यंत आणि वर खंबाटकीपर्यंत जातात. डिस्पॅच मी करतो.

दिसायला वायरलेस सेटच. डॅशखाली बसतो, वायरीचा माइक, बटण दाबलं की सगळ्या गाड्यांत एकदम आवाज. आत मात्र फोरजीचं सिम. आवाज मोबाइल टॉवरवरून सर्व्हरला आणि तिथून गाड्यांना. स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यावी लागत नाही. मुंबईला गेलेली गाडीही बोलते. गाडी नकाशावर दिसते. ग्रुप पाडता येतात, आमचे दोन आहेत, प्लांट आणि रस्ता. बटण दाबल्यापासून पलीकडे ऐकू जाईपर्यंत थोडा उशीर होतो, म्हणून नवीन ड्रायव्हरचा पहिला शब्द हमखास कापला जातो. "थांब" कापलं जाऊन नुसतं "नको" पोचतं. आम्ही सगळ्यांना आधी गाडी नंबर बोलायला लावला, म्हणजे कापला तर नंबर कापला जातो, निरोप नाही.

खर्च दरवर्षीचा: सिमचा रिचार्ज आणि सर्व्हरची फी, दर सेटमागे. घेताना हे विचारा की सर्व्हर कुणाचा, आणि उद्या त्या कंपनीशी पटलं नाही तर सेट दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो का. बऱ्याच सेटना कुलूप असतं. हा प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा बघा.

आणि जिथे टॉवर नाही तिथे हा सेट म्हणजे शोभेची वस्तू. तुमच्या वाड्यांचं तुम्हाला माहीत.

सांगलीवाडी

टॉवर असला तरी तो चालू असायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा आमच्याकडे आधी वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, मग शांतता. २०२१ च्या जुलैत तुमच्याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. गाडी ज्या दिवशी अडकते, त्याच दिवशी नेटवर्क जातं हे लक्षात घ्या. कोरड्या दिवसाचा हिशोब करून पावसाळ्याची वस्तू घेऊ नये.

रेडीमिक्स

मान्य. पण दूध रोज दोनदा जातं आणि पूर काही रोज येत नाही. रोजच्या कामालाही काहीतरी लागेल ना?

डिझेल_अण्णा

मी ऑटो इलेक्ट्रिशियन, कराड-विटा पट्ट्यातल्या गाड्यांचं काम करतो. सेट कुठला घ्यायचा ते शहाण्या माणसांनी ठरवावं, बसवताना काय चुकतं ते मी सांगतो. चांगला सेट वाईट बसवला की महिन्यात डब्बा होतो आणि शिव्या कंपनीला.

टँकरचं पहिलं. चोवीस व्होल्ट म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. सेट साधारण १३.८ व्होल्टवर चालतो. आपले लोक काय करतात, दोनपैकी एका बॅटरीवरून बारा व्होल्ट काढतात. सेट वाजतो, सगळे खूश. पण ती एकच बॅटरी रोज जास्त उतरते आणि अल्टरनेटर दोघींना सारखंच भरतो. एक अर्धपोटी राहते, दुसरी फुगते. सहा-आठ महिन्यांत दोन्ही गेल्या. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर घ्या. पंचवीस वॅटचा सेट बोलताना सहा ते आठ अँपिअर ओढतो, तेव्हा कन्व्हर्टर सलग पंधरा झेलणारा तरी हवा. त्याच्यावर छापलेला आकडा क्षणभराचा आहे की सलग, तेवढं वाचा.

पिकअपला सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून लाइन घेऊ नका. कच्च्या रस्त्याला पिन हलते, गरम होते, वितळते. सरळ बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, दोन्ही वायरींना. निगेटिव्ह चेसिसला कुठेही टोचली की इंजिनचा आवाज माइकमध्ये येतो, रेस वाढेल तशी शिट्टी चढते. ती थेट बॅटरीला नेली की बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर लाइनला फिल्टर टाका.

अँटेनाची केबल दारातून आत घेतात, दार आपटून आपटून ती चेपते. वरनं काही दिसत नाही, आतनं गेलेली असते. ताई, टपाला भोक पाडायला भाऊ नाही म्हणेल, पण टपाच्या मध्यभागी पक्की बसवलेली अँटेना सगळ्यात चांगली, कारण खालचा पत्राच तिचं अर्धं काम करतो. भोक नकोच असेल तर गटरला क्लॅम्प. लोहचुंबकवाली घाटात फांदीनं पडते. फायबरच्या टपावर लावायची वेळ आली तर खाली पत्र्याची थाळी द्या. बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा) लावून दाखवायला सांगा, दीडच्या आत आला तर उत्तम, दोनच्या वर असेल तर माणसाला पैसे देऊ नका. आणि सांध्यावर रबरासारखी ताणून गुंडाळायची टेप, पाटणच्या पावसाला साधी काळी टेप टिकत नाही.

घाटवाट

अण्णांचा प्रतिसाद छापून गॅरेजात लावणार.

वकील_मिरज

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात घातलं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. शब्द फक्त मोबाइलपुरते नाहीत. तेव्हा वायरीचा माइक हातात धरून बोलणारा ड्रायव्हर आपोआप सुरक्षित, असं समजू नका. ऐकायला हरकत नाही. बोलायचं तर गाडी बाजूला घेऊन, किंवा स्टिअरिंगजवळ बटण आणि वर टपाला छोटा माइक अशी जोडणी मिळते ती बसवून. ताई, तुम्ही ड्रायव्हरना हे लेखी द्या आणि सही घ्या. अपघात झाला की विमा कंपनी हेच आधी विचारते.

शेतकी_बाबू

उशिरा येतोय, सीझन चालू आहे. मी वाळवा तालुक्यात एका कारखान्याच्या शेतकी विभागात. आमच्याकडे वायरलेस बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे ट्रॅक्टरला सेट दिलेले नाहीत. ट्रॅक्टर वाहनमालकाचा, करार एका हंगामाचा, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्याला. त्याच्यात सेट बसवला तर सेट पण जातो. परवाना आमच्या नावावर, यंत्र परक्या गाडीत, हे कागदालाही चालत नाही. मग सेट कुठे आहेत? गट ऑफिसला एक, काट्यावर एक, यार्डात एक, आणि शेतकी अधिकाऱ्यांच्या जीपमध्ये. ड्रायव्हर ऊस भरून निघाला की चिटबॉय (फडावर चिठ्ठ्या लिहिणारा कारखान्याचा माणूस) गटाला सांगतो, गट यार्डाला. गाडी रस्त्यात मोडली तर ड्रायव्हर गटापर्यंत निरोप धाडतो, कारखान्यापर्यंत नाही.

ताईंच्या धाग्यात सगळे गाडीतून कराडला कसं बोलायचं ते बघतायत. पण मोरगिरीच्या वर बंद पडलेल्या गाडीचं कराडला कळून काय होतं? तुम्ही मोरगिरीच्याच केंद्राला फोन लावणार, तिथली दुसरी गाडी वर पाठवा म्हणून. मग सेट मोरगिरीच्या केंद्रावरच का नको? तुमचं बल्क कूलरचं केंद्र खोऱ्यातच आहे, तिथे वीज आहे, जनरेटर आहे कारण कूलर बंद ठेवता येत नाही, दूध घ्यायला माणूस सकाळ-संध्याकाळ बसलेला आहे, आणि मला वाटतं इंटरनेटही असेल, कारण फॅटचं मशीन त्याला जोडलेलं असतं. केंद्राच्या छतावर उंच अँटेना लावून एक बेस सेट ठेवा. गाडी खोऱ्यातल्या खोऱ्यात केंद्राशी बोलेल, मध्ये धार येत नाही. केंद्राचा माणूस कराडला फोन करेल, किंवा करणारही नाही, परस्पर दुसरी गाडी पाठवेल आणि तुम्हाला सांगेल. डोंगरावर खांब नको, रिपीटर नको.

व्हीयू३_कृष्णाकाठ

बाबू, जिंकलंत. मी सगळी खोरी एकाच धाग्यात ओवायला बसलो होतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर चारही केंद्रं चालतील, कारण मधले डोंगरच एकमेकांना त्रास होऊ देत नाहीत. शिवाय गाडी-गाडी थेट बोलतील. वरची पिकअप केंद्राला ऐकू गेली नाही तरी खालच्या वळणावरच्या दुसऱ्या पिकअपला जाते, ती निरोप पुढे देते. फक्त अर्जात केंद्रांच्या कायमच्या जागा बेस स्टेशन म्हणून दाखवा, अक्षांश-रेखांशासह. कराडला विमानतळ आहे, तिथे मास्ट उभारलात तर उंचीची विचारणा होईल. केंद्रं लांब आहेत.

घाटवाट

डिजिटल घ्यायचे की जुने ॲनालॉग?

व्हीयू३_कृष्णाकाठ

डीएमआर डिजिटलचा मोठा फायदा रिपीटरवर दिसतो, साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं आळीपाळीच्या वेळेत बसतात. ताईंना रिपीटर नाही. इंजिनचा गोंगाट डिजिटल बराच गाळतो, हे खरं. पण रेंजच्या कडेला ॲनालॉग खरखरत का होईना ऐकू येतो, "गिअर" आणि "टायर" यातला फरक कळतो. डिजिटल तिथे सरळ तुटतो. दोन्ही मोड असलेला सेट घ्या, ॲनालॉगवर सुरू करा. मोटोरोला, केनवूड, आयकॉम, हायटेरा, सगळ्यांचे असे सेट आहेत. कंपनीपेक्षा हे बघा की कराड किंवा कोल्हापुरात दुरुस्ती आणि प्रोग्रॅमिंग कोण करतो. आणि टाइमआउट लावून घ्या, मिनिटभराने बटण आपोआप सुटतं. सीटखाली माइक दाबला गेला तर दिवसभर सगळ्या खोऱ्याचं तोंड बंद होतं.

निवांत

आणि त्या मिनिटभरात ड्रायव्हर मालकाविषयी काय बोलतो ते सगळ्या खोऱ्याला कळतं. सेट घ्याच ताई.

वांगकाठ

सगळ्यांचे आभार. मध्ये गप्प होते कारण ड्रायव्हर लोकांना कामाला लावलं होतं. प्रत्येकाने आपल्या रूटवर फोनला रेंज कुठे जाते आणि कुठे येते ते लिहून आणलं. ज्याच्याकडे कोणतं सिम त्याप्रमाणे वेगळं. कागद जोडून बघितला तर कोयनेचा मुख्य रस्ता बराचसा मोकळा निघाला. तारळ्याकडेही बरं आहे. खरी भोकं वांग आणि मोरणेच्या वरच्या अंगाला. म्हणजे सतरा गाड्यांना एकच औषध लागत नाही.

भाऊ आणि मी असं ठरवतोय:

टँकर मुख्य रस्त्यालाच असतात, त्यांना सिमवरचे सेट, कन्व्हर्टरसह. रेडीमिक्स यांचा सर्व्हरच्या कुलपाचा प्रश्न विचारला. एकाने विषय बदलला, दुसऱ्याने लेखी दिलं. दुसऱ्याकडून घेणार.

ढेबेवाडी आणि मोरगिरी केंद्रांवर व्हीएचएफ बेस, त्या रूटच्या सहा पिकअपना गाडीतले सेट. परवान्याचा अर्ज आधी, मंजुरी आल्याशिवाय खरेदी नाही. तोवर एका परवानाधारक विक्रेत्याने त्यांच्या परवान्यावर चाचणी करून दाखवायचं कबूल केलंय. तारळे आणि कोयना रूटच्या पिकअपना सध्या काहीच नाही, वर्षभराने बघू.

बाबूंनी म्हटलं तसं केंद्रावर जनरेटर आहे. इंटरनेटचं मात्र एका केंद्रावर रडगाणं आहे.

डिझेल_अण्णा

बेसला जनरेटरची लाइन सरळ देऊ नका, चालू होताना झटका मारतो. मधे बॅटरी ठेवा, चार्जर बॅटरीला आणि सेट बॅटरीवर. जनरेटर ओढून चालू करेपर्यंत पण सेट जिवंत राहतो.

वकील_मिरज

परवाना कुणाच्या नावावर? गाड्या घरच्या, पण केंद्रं संस्थेची असतील. बेस संस्थेच्या छतावर राहणार, तर संस्थेचा ठराव आणि जागेचं संमतीपत्र अर्जासोबत लागेल असं धरून चला.

वांगकाठ

बरोबर, केंद्रं संस्थेचीच. सचिवांशी बोलले, पुढच्या मासिक सभेत विषय घेतायत.

एक राहिलं. ड्रायव्हर लोकांपुढे मांडलं तेव्हा पिकअपवाले लगेच तयार झाले, टँकरवाले अडून बसले. सिमवरच्या सेटला नकाशा आहे ना. त्यांचं म्हणणं, बोलायला यंत्र द्या, आमच्यावर नजर ठेवायला नको, चहाला थांबलो की फोन येणार. रेडीमिक्स, तुमच्याकडे हे कसं सोडवलंत?

रेडीमिक्स

सोडवलं असं नाही, ठरवून घेतलं. नकाशा डिस्पॅचच्या एकाच पडद्यावर, मालकाच्या मोबाइलवर नाही. थांबल्याचा अलर्ट अर्ध्या तासाच्या आत वाजत नाही. ड्यूटी संपली की ड्रायव्हर स्वतः सेट बंद करतो, त्याचा हिशोब मागायचा नाही. आणि उलट फायदा त्यांना एकदा दाखवून द्या: डॉकवर दोन तास रांगेत उभं राहावं लागलं तर ते आपोआप नोंदलं जातं, उशिराचा दोष त्यांच्यावर येत नाही. आमचा सगळ्यात जास्त कुरकुर करणारा ड्रायव्हर आता स्वतःहून प्रिंट मागतो.

वांगकाठ

डॉकवरच्या रांगेचं चांगलं सुचवलंत, आमच्याकडे रोजचं भांडण तेच आहे. मालकाच्या मोबाइलचं भावाला पटवायला लागेल. रविवारी टँकरवाल्यांना बोलावलंय, तेव्हा त्याच्यादेखत सांगते.